घाटंजीच्या रु. बाई

यवतमाळ
१२ नोव्हेंबर २००५

प्रिय श्रावणा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलो की सविस्तर लिहितो म्हणाला होतास. दसरा जाऊन महिना झाला. तू आहेस की नाहीस, हे विचारायला शेवटी मलाच लिहावं लागतं आहे. फोन मात्र करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं आणि तुझं बोलणं सगळं त्या शिट्टीत जातं. पत्र बरं. चष्मा लावला की तू स्पष्ट ऐकू येतोस.

माझं म्हणशील तर मी लेखक झालो आहे. हसू नकोस. धनसिंग राठोड आठवतो? आमच्या पाटबंधारे कार्यालयात माझ्या हाताखाली होता. नोकरी सोडून त्याने साप्ताहिक काढलं. रत्नप्रभा गेल्यावर एकदा भेटायला आला, माझा अवतार पाहिला आणि म्हणाला, "साहेब, रिकामं घर खाऊन टाकेल तुम्हाला. तुम्ही वाचता एवढं, आरोग्यावर लिहा." तेव्हापासून दर आठवड्याला 'शंभरी गाठू या' हे सदर लिहितो; काही कात्रणं सोबत ठेवतो आहे. कोमट पाणी झालं, मेथीदाणे झाले, तांब्याचा लोटा झाला, गवतावर अनवाणी चालणं झालं. स्वतःही सगळं करतो. मीठ सोडलं. रोज सकाळी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत चालत जातो. निम्म्या शेडना कुलपं आहेत, कुत्री तेवढी ओळखीची झाली आहेत. कोणासाठी करतो म्हणशील तर माहीत नाही. सवय लागली आहे.

आता कामाचं. उन्हाळ्यात रुखमावहिनींना बीपी निघालं होतं ना? त्यांना रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या दे. ठेचून, थोडा वेळ तशाच ठेवून, मग पाण्याबरोबर. काय फरक पडतो ते कळव. धनसिंग म्हणतो, वाचकांना अमेरिकेतलं उदाहरण नको, घाटंजीतलं द्या.

गोळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. रत्नप्रभेने इतकी वर्षं बीपीची एक गोळी चुकवली नाही. जेवण विसरायची, गोळी नाही. आणि भाजी निवडता निवडता गेली. मग त्या गोळ्यांनी केलं काय?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदाशिव


घाटंजी
९ जानेवारी २००६

सदाशिव, जयभीम.

आहो बाप्पा, जिता आहो. गेलो असतो तं तुले कार्ड आलं असतं. जन्मभर शाळेत पोरांले शुद्ध मराठी शिकवली, आता तुले तरी आपल्या बोलीतच लिहितो. लाल पेन घेऊन बसू नको.

तुही कात्रणं मिळाली. 'शंभरी गाठू या' वाचून पह्यले हसू आलं, अन् मंग हसू आल्याची लाज वाटली. अबे, आपल्या जिल्ह्यात दिल्ली-मुंबईचे पेपरवाले गाड्या घेऊन फिरून राह्यले, कोणत्या गावात कोण गेलं ते विचारून राह्यले. चाळिशी न पाह्यलेली माणसं जाऊन राह्यली. कापसाचं नाव काढलं तरी लोक मान खाली घालतात. अन् तू तथी बसून सांगतो, शंभर वर्षं जगा. काहून, बे? अन् कशाच्या जोरावर?

अन् तुहे पुरावे तरी कसे! अमुक गृहस्थ तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्याले अन् नव्वद वर्षं जगले. माह्या बापानं हयातभर बिडी ओढली, तोही नव्वदीत गेला. मंग लिही ना, बिडी ओढा म्हणून. बापासंग ओट्यावर बसून बिडी ओढणारे बाकीचे कवाच मरून गेले. त्याईले विचाराले तू कुठं जाशीन?

पण लसणाचं सांगतो, कारण ते कबूल करणं भाग आहे. रुखमानं तुह्या सांगण्यावर भरोसा ठेवला. रोज सकाळी पाटा-वरवंट्यावर ठेचते. घरभर वास, मी खाट अंगणात नेली. मागच्या हप्त्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं बीपी मोजलं तं खाली उतरलेलं. नर्स म्हणे, "आजी, एकदम मस्त." हिनं सांगितलं, "लसूण खातो, बाई." घे, तुहा लसूण जिंकला. आता छातीवर हात ठेवून सांगतो, मले पटलं नाही, पण दिसलं.

रत्नप्रभा वहिनीचं वाचून बरं नाही वाटलं. तुले बोलाले कोणी नाही, हे मले कळते. इकडं येत जा. चहा पाजीन, लसूण नाही.

तुहा,
श्रावण


यवतमाळ
४ फेब्रुवारी २००६

प्रिय श्रावणा,

तुझं पत्र आलं आणि किती दिवसांनी मला सकाळी उठावंसं वाटलं. सोबत कात्रण पाठवतो आहे. वहिनींना वाचून दाखव. नाव दिलेलं नाही, काळजी नको.

"घाटंजी येथील रु. बाई, साठी ओलांडलेल्या. रक्तदाबाने त्रस्त. कोणत्याही औषधाविना, केवळ लसणाच्या दोन पाकळ्यांनी त्यांचा रक्तदाब दोन महिन्यांत पूर्ववत झाला. सरकारी दवाखान्यातील परिचारिकाही थक्क झाल्या."

धनसिंग म्हणतो, या लेखावर जेवढी पत्रं आली तेवढी कशावरच आली नव्हती. दिग्रसहून, पांढरकवड्याहून, वणीहून. लोक मला रस्त्यात थांबवतात. काल बँकेत एकाने रांगेत पुढे जाऊ दिलं. तुला हे पोरकट वाटेल. पण निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं रे. रत्नप्रभा विचारायची, "आज भाजी कोणती?" तेही गेलं.

एक काम आहे. फुलसावंगीहून पत्र आलंय, तिथे फकिराबुवा म्हणून गृहस्थ आहेत, एकशे दहा वर्षांचे. दात शाबूत, काठी नाही. माझे गुडघे एवढा प्रवास करू देत नाहीत. तुझा साडू फुलसावंगीचाच ना? जाऊन ये. काय खातात, कधी झोपतात, सगळं विचार. यातून मोठा लेख होईल.

तुझा,
सदाशिव


घाटंजी
२० मार्च २००६

सदाशिव,

तुह्या कात्रणानं माह्या घराची रया बदलली. नर्स थक्क झाली नव्हती, पण ते जाऊ दे. बाजाराच्या दिवशी बाया भाजीपाला घेऊन परत जाताना आमच्या अंगणात टेकतात. "रु. बाईचं घर हेच काय?" असं विचारत येतात. तू नाव लपवलं, पण घाटंजीत लसणाचा वास येणारं घर एकच. रुखमा खाटेवर बसते अन् सांगते, कसा ठेचायचा, किती वेळ ठेवायचा. माह्या बायकोले आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. मास्तरची बायको म्हणून लोक नमस्कार करत, बस. आता तीच मास्तरीण झाली. मी चहा करतो अन् कपबशा फिरवतो. शेजारच्या खेमसिंगची माय तं हप्त्यातून दोनदा येते. तिलेही बीपी आहे.

ऊन तापून राह्यलं. रुखमाचं डोकं दुखते सकाळी सकाळी. उन्हाचंच असन. दवाखान्यातला तिचा फेरा सुटला, तेवढाच जिवाले आराम.

आता तुहा फकिराबुवा. गेलतो मी साडूकडं. बुवा ओट्यावर बसून ठेचा-भाकर खात होता. दात खरंच आहेत. मी विचारलं, "बुवा, वय?" म्हणे, "एकशे दहा." बाजूले त्याचा लहान भाऊ बसला होता. त्याले विचारलं तं म्हणे, "असन सत्तर." मी म्हटलं, "माय एकच काय तुमची?" "एकच." "मंग दोघांमधे चाळीस वर्षं?" दोघं एकमेकांकडं पाहू लागले. लोकं हसले. मंग बुवाची सून आतून बोलली, की निराधारची पेन्शन लागावी म्हणून कोणीतरी फारमावर वय वाढवून लिहिलं होतं. पुढच्या खेपेले दुसऱ्यानं आणखी वाढवलं. दोन फारमांत मिळून बुवा एकशे दहाचा झाला.

पण ऐक, सदाशिव, खरी गोष्ट पुढं आहे. बुवा खोटं बोलून राह्यला असं मले वाटलं नाही. त्याले स्वतःले आता खरंच वाटते. लोक पाया पडतात, काय खाता विचारतात, मंग तो सांगते. मले म्हणे, "मास्तर, अंबाडीची भाजी खा." दुसऱ्याले म्हणे ताक. विचारणारा आला की माणूस उत्तर देतेच. तुहा लेख झाला नाही, माफ कर.

श्रावण


यवतमाळ
२१ एप्रिल २००६

प्रिय श्रावणा,

फकिराबुवाचं वाचून हसलो आणि मग चिडलो. तुझ्यावर नाही. लेख मनात तयार होता.

त्यात गेल्या आठवड्यात अनघा येऊन गेली. माझी पुतणी, नागपूरला असते. कोणतं औषध खरंच लागू पडतं आणि कोणतं नाही, हे हजारो माणसांवर तपासून पाहायचं, असलं तिचं काम आहे. मी मोठ्या हौसेने तिला रु. बाईंचं कात्रण दाखवलं. वाटलं, पोरगी म्हणेल, काका, छान. तिने वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "काका, लसूण खाऊनही ज्यांचं बीपी उतरलं नाही, त्यांची पत्रं आली का?" मी म्हटलं, अशी पत्रं कोण लिहितं? म्हणाली, "तेच तर."

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्या काकूने सगळ्या गोळ्या घेतल्या, तुझ्या शास्त्राप्रमाणे. मग का गेली? तिने खुर्ची जवळ ओढली. मग माझ्या चांगल्या कानाशी येऊन हळू म्हणाली, "काका, गोळ्या घेतल्या नसत्या तर काकू कधी गेल्या असत्या, हे आपल्याला कुठे माहीत आहे? कदाचित माझ्या लग्नातही नसत्या."

अनघाच्या लग्नात रत्नप्रभा माहेरच्या सगळ्यांना घेऊन फुगडी खेळली होती. तुला आठवत असेल, तू होतास. ते लग्न आणि तिचं जाणं यात बरीच वर्षं गेली, आणि ती वर्षं कोणाच्या खात्यात लिहायची, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. आठवडा झाला, दुसरं काही सुचत नाही.

निघताना अनघाने आणखी एक विचारलं. "त्या बाई लसणाबरोबर गोळी पण घेत होत्या का?" मी 'कोणत्याही औषधाविना' असं लिहिलंय खरं, पण तू तसं कळवलं नव्हतंस. वाक्याला बरं दिसतं म्हणून माझ्याच हातून ते गेलं.

तेवढं एक कळव, श्रावणा. वहिनी गोळी घेत होत्या का? आणि आता घेतात का? त्यांची डोकेदुखी उन्हाची आहे असं समजून बसू नकोस. दवाखान्यात ने.

उलटटपाली लिही.

सदाशिव


नागपूर
१९ मे २००६

सदाशिव,

तुहं एकवीस एप्रिलचं पत्र घरी दारातून आत सरकवलेलं पडून होतं. पोरगा राजदीप कपडे आणाले घाटंजीले गेलता, त्यानं काल इथं दवाखान्यात आणून दिलं. रुखमाच्या पलंगाजवळ बसून वाचलं.

पाटा-वरवंट्याजवळच पडली ती. लसूण ठेचता ठेचता. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोलते ते समजत नाही. यवतमाळहून इकडं पाठवलं. गाडी यवतमाळच्या स्टँडजवळून गेली तवा तुही आठवण आली, अन् इतका राग आला, की तुले कळवूच नये वाटलं. म्हणून कळवलं नाही. मुद्दाम.

तू विचारलं ते सांगतो. होय. गोळी घेत होती. उन्हाळ्यात बीपी निघालं तवापासून दवाखान्यातली पांढरी गोळी रोज घेत होती. लसूण अन् गोळी, दोन्ही. मले माहीत होतं. तुले लिहिलं नाही, कारण मी गंमत करत होतो. मले काय माहीत, माह्या गमतीचं तू छापशीन अन् वरून 'कोणत्याही औषधाविना' जोडशीन.

अन् बंद कवा केली? तुहं कात्रण आल्यावर. हे मलेही आता समजलं. माही सून दीपा रडत रडत सांगत होती. बाया येऊन बसत अन् रुखमाले विचारत, "फक्त लसूणच ना, मावशी? दुसरं काही नाही ना?" पेपरात तसंच छापलं होतं. ही "हो" म्हणून गेली. नाही म्हणाव तं तू खोटा पडतो, तिच्या नवऱ्याचा दोस्त. मंग बायांच्या समोर गोळी कशी घ्यावी? त्या गेल्यावर मागून घेऊन पाह्यली, तेही तिले बरं वाटेना. दीपाले म्हणे, "पोरी, मी त्या बायांले फसवून राह्यली. त्या बिचाऱ्या माह्या भरोशावर लसूण खाऊन राह्यल्या, अन् मी लपून गोळी खातो." दीपा म्हणे, आई, घ्या हो. ही म्हणे, "पेपरात आलं ना, मंग आता तसंच वागाव लागते." अन् गोळ्यांचा डबा उतरंडीत ठेवून दिला.

समजलं काय, सदाशिव? छापलेलं खरं व्हाव म्हणून तिनं गोळी सोडली. माही बायको आयुष्यात खोटं बोलली नाही, अन् तू तिच्या तोंडी एक खोटं टाकलं, तं तिनं ते स्वतःच्या जिवावर खरं करून दाखवलं. मी दोन पावलांवर चहा करत होतो अन् मले दिसलं नाही. हे मी तुह्यावर नाही टाकत. ते माह्याच गळ्यात आहे.

आता एकच मागतो. छाप. रु. बाई गोळी घेत होत्या, गोळी सोडली अन् पडल्या, असं साफ छाप. खेमसिंगच्या मायनंही गोळी सोडली आहे. आणखी कोणी कोणी, ते मले माहीत नाही. तुले माहीत आहे, पत्रं तुह्याकडं आली.

श्रावण


यवतमाळ
१० जून २००६

प्रिय श्रावणा,

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी पिशवी भरून स्टँडवर गेलो होतो. नागपूरची गाडी लागलेली होती. चढलो नाही. वहिनींसमोर काय तोंड घेऊन उभा राहू?

छापून आणलं आहे. कात्रण सोबत आहे. "लसूण हा गुणकारी असला तरी वाचकांनी कोणताही उपाय वैद्यकीय सल्ल्यानेच करावा, तसेच चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत, अशी नम्र सूचना." एवढंच. मी जास्त लिहून दिलं होतं. धनसिंगने कापलं. म्हणाला, "साहेब, चूक झाली असं छापलं तर उद्या कोण वाचेल? तुमचं सदर जाईल, माझा पेपर जाईल. सूचना टाकतो, समजणारा समजेल."

मी भांडलो नाही, श्रावणा. थकलो आहे. खरं सांगू? ते सदर गेलं तर माझ्याकडे सकाळी उठायला काही उरत नाही. लोहाऱ्यापर्यंत चालत जायचं आणि कुत्र्यांना पाहून परत यायचं. तू म्हणशील, माझी बायको तिथे पडून आहे आणि हा आपल्या सकाळीचं रडगाणं गातो. म्हण. बरोबर म्हणशील.

सदाशिव


घाटंजी
२ जुलै २००६

आदरणीय काका,

मी दीपा, राजदीपची बायको, मुनेश्वर गुरुजींची सून. आईंना घरी आणलं आहे. हे पत्र आईंचं आहे. त्यांचे शब्द तुटतात, म्हणून मी विचारून विचारून लिहिते आहे. त्या म्हणतात तसंच लिहिते.

भाऊजी, जयभीम. मी रुखमा. मी रागावली नाही. यायनं तुम्हाले लय बोललं पत्रात, मले दीपानं सांगितलं. त्याईचा जीव जळते म्हणून बोलले. तुम्ही मनावर घेऊ नका.

पण तुमची ती सूचना मले वाचून दाखवली, ती मले बी समजली नाही. दीपाले दोनदा वाचाले लावली. बायांले काय समजन?

बाया अजून येतात, भाऊजी. पह्यलेपेक्षा जास्त येतात. मी पडली तं वाटलं, आता तरी समजतीन. तं त्या काय म्हणतात, माहीत आहे? म्हणतात, "मावशी लसूण खात होती म्हणून वाचली. नाहीतं गेलीच असती." मी "नाही नाही" म्हणतो, तं माह्या तोंडातून नुसता आवाज निघते. त्याईले वाटते, मी हो म्हणून राह्यली. खेमसिंगच्या मायनं तं लसूण दुप्पट केला.

मी चांगली होती तवा त्याईनं माह्यावर भरोसा ठेवला. अशी झाली, तरी ठेवून राह्यल्या. मले रडू येते. माह्यासारखी आणखी एखादी पडली तं मी काय करू?

म्हणून मले आता रु. बाई म्हणू नका. माहं नाव पुरं छापा. रुखमाबाई श्रावण मुनेश्वर, घाटंजी. अन् फोटो छापा. लग्नातला नको, आत्ताचा. राजदीपनं काढला, पाकिटात टाकला आहे. तोंड वाकडं आहे तसंच छापा. बायांले वाचता येत नाही, फोटो दिसते.

रत्नप्रभाताईची मले लय याद येते. त्या असत्या तं तुमचा कान धरून छापाले लावलं असतं.

तुमची वहिनी,
रुखमा

(काका, शेवटचं वाक्य सांगताना त्या हसल्या. अर्ध्या तोंडाने. पण हसल्या. — दीपा)


यवतमाळ
१४ जुलै २००६

प्रिय रुखमावहिनी,

आजवर तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, नेहमी श्रावणाच्या पत्रात शेवटी नमस्कार टाकत आलो. हे तुमचंच.

तुमचं पत्र आणि फोटो घेऊन धनसिंगकडे गेलो. त्याने पुन्हा तेच सुरू केलं. मी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. तो बराच वेळ बोलत होता, हात हलवत होता. मी फोटो त्याच्या टेबलावर ठेवून समोर बसून राहिलो. शेवटी तो थांबला, फोटोकडे पाहिलं, आणि मान हलवली. यंत्र परत लावलं तेव्हा तो म्हणत होता, "पहिल्या पानावर घेतो."

या आठवड्यात आलं आहे. मजकूर एवढाच:

"या रुखमाबाई श्रावण मुनेश्वर, घाटंजी. जानेवारीत मी यांच्याविषयी लिहिलं की त्या केवळ लसणाने बऱ्या झाल्या. ते खोटं होतं. त्या रोज बीपीची गोळी घेत होत्या. मी त्यांना विचारलं नव्हतं. माझा लेख खरा ठरावा म्हणून त्यांनी गोळी सोडली आणि त्या अशा झाल्या. लसणाने त्या वाचलेल्या नाहीत. ज्यांनी माझं वाचून गोळी सोडली असेल, त्यांनी आजच दवाखान्यात जावं. — सदाशिव. हे सदर इथे संपलं."

वहिनी, कान धरायला आता कोणी नाही, म्हणून स्वतःच धरला. मला माफ करा असं म्हणत नाही. तुम्ही लगेच कराल, आणि मला ते पेलणार नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी घाटंजीला येतो आहे. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी स्वतः सांगेन. कोणी उलट बोललं तरी मला ऐकू येत नाही, तेवढी सोय आहे.

तुमचा,
सदाशिव भाऊजी


घाटंजी
१६ ऑगस्ट २००६

सदाशिव,

तू येऊन गेला त्याले महिना होत आला. अंगणात खुर्ची टाकून बसलेला, पिशवीतून पेपर काढून एकेका बाईसमोर धरणारा तू, अन् बाजूले खाटेवर रुखमा. बाया पह्यले तुह्याकडं पाहत, मंग फोटोकडं, मंग रुखमाकडं. मी चहा करत होतो. या खेपेले मी लक्ष ठेवून करत होतो.

राग गेला काय विचारू नको. कधी असते, कधी नसते. सकाळी तिचा हात चोळून देतो तवा असते. तू निघताना तिनं डाव्या हातानं तुह्या डोक्यावर हात ठेवला, तवा नव्हता.

आता काम कसं झालं ते. बऱ्याच बाया दवाखान्यात जाऊन आल्या. काही नाही गेल्या. एक म्हणे, पेपरवाले काहीही लिहितात. मी म्हटलं, बाई, तेच तं तुले आम्ही सांगून राह्यलो. ती लसणाची पाटी घेऊन निघून गेली. आपण काय करणार?

काल खेमसिंगची माय आली. गोळी सुरू केली, बीपी उतरलं म्हणे. मले बरं वाटलं. मी विचारलं, "कशानं उतरलं, बाई?" वाटलं, गोळीनं म्हणन. तं म्हणे, "तुमच्या रुखमाचं तोंड पाह्यलं ना, तवापासून." अनघाले सांगजो. ती कपाळाले हात लावन.

रुखमा ते ऐकून हसली. अर्ध्या तोंडाचं ते हसू, बसलेल्या बायांले वाटलं, हिले वाईट वाटलं. मंग तिनं दीपाले खूण केली. दीपानं गोळ्यांचा डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला. एका हातानं झाकण निघत नाही, लय वेळ लागते. दीपा मदत कराले गेली तं तिले थांबवलं. बाया पाहत बसल्या. तिनं झाकण काढलं, पांढरी गोळी उचलून सगळ्याईले दाखवली, अन् घोटभर पाण्यासंग गिळली.

तुहा,
श्रावण